नदीला कंपनीचा पैसा लावायचा, पण कशाला?

मागच्या अंकात नागपूरच्या नाग नदीवर लिहिलं तेव्हापासून पत्रं आणि मेसेज येणं थांबलंच नाही, आणि बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतो आहे, की नदीच्या सफाईसाठी कंपन्यांचा पैसा घ्यायचा का, सीएसआर (कंपन्यांनी कायद्याने आपल्या नफ्यातून समाजाच्या कामावर करायचा खर्च) म्हणा की स्पॉन्सरशिप म्हणा, आणि घेतला तर तो लावायचा कुठे. म्हणून यावेळी सदराची सगळी जागा ह्या एकाच विषयाला. पत्रं थोडी छोटी केली आहेत, नावं कोणाचीच दिली नाहीत.

नंदनवनहून एक वाचक लिहितात:
"ताई, आमच्या वस्तीच्या मागून नाग नदी जाते. आम्ही पंधरा-वीस बायांनी मिळून गट केला आहे, रविवारी काठ साफ करतो. आता एक कंपनी म्हणून राहिली की पाच लाख देतो, पण पुलावर आमचा बोर्ड लागला पाहिजे, टी-शर्टवर आमच्या मालाचं नाव पाहिजे, आणि उद्घाटनाला आमचे साहेब येतील. गटात दोन तट पडले. काही म्हणतात घेऊन टाका, काही म्हणतात नदी विकल्यासारखं होईल. काय करावं?"

ताई, पैसा घ्या. नदी विकली वगैरे काही होत नाही, तुमच्या हाताला ग्लोव्हज नाहीत आणि गोळा केलेला कचरा उचलायला गाडी नाही, तिथे पाच लाख परत पाठवण्यात कसलाच मोठेपणा नाही. पण हो म्हणायच्या आधी त्या साहेबांना एक सरळ विचारा, की हे पैसे तुमच्या सीएसआरमधले आहेत की जाहिरातीच्या बजेटमधले. दोन्ही नोटा सारख्याच दिसतात पण कायद्यात फरक आहे. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५, जे १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं, ते सांगतं की ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी इतका किंवा त्याहून जास्त असेल, ह्यातलं एकही बसलं तरी, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजाच्या कामावर खर्च करायचे. त्या कामांची यादी सातव्या अनुसूचीत आहे आणि पाण्याचा दर्जा राखणं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे, म्हणजे नदी बसते. पण २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांत हेही तितकंच स्पष्ट आहे की आपल्या मालाची किंवा सेवेची जाहिरात व्हावी म्हणून जे स्पॉन्सर केलं जातं ते सीएसआर धरता येत नाही. तेव्हा टी-शर्टवर मालाचं नाव हवं असेल तर तो जाहिरातीचा सौदा झाला, आणि जाहिरातीचा सौदा असेल तर तुम्ही पण सौद्यासारखंच बोला, पाच लाखात काय काय देणार आणि किती दिवस देणार ते लिहून घ्या. आणि पुलावरचा बोर्ड तुमच्या गटाने कबूलच करू नका, पूल मनपाचा आहे, जाहिरातीचा फलक मनपाच्या परवानगीशिवाय लागत नाही, उद्या नोटीस आली तर ती तुमच्या दारात येईल.

हे झालं कागदाचं. माझी खरी काळजी दुसरी आहे आणि ती सांगायला मला एक सकाळ सांगावी लागेल. काही वर्षांपूर्वी अशाच एका कंपनीच्या सफाईला मी गेले होते, मे महिना, सकाळी सहालाच ऊन चटके द्यायला लागलेलं. शे-दीडशे माणसं, सगळ्यांना पांढऱ्या टोप्या, नाश्त्याला तर्री पोहे, आणि खरं सांगते, लोकांनी मन लावून काम केलं. थर्माकोलच्या ताटल्या, गुटख्याच्या पुड्या, निर्माल्याच्या पिशव्या गाठ मारलेल्या तशाच, एक अख्खी गादी, लग्नाच्या मंडपाचा कपडा, असं काय काय निघालं. सव्वाशे पोती भरली, मी मोजली होती. दहा वाजता फोटो झाले, साडेदहाला सगळे गेले, आणि पोती काठावर ओळीने ठेवलेली राहिली कारण टिप्पर कोणी सांगायचा हे कोणाच्याच कागदावर नव्हतं. कंपनीला वाटलं मनपा उचलेल, मनपाच्या झोनमध्ये विचारलं तर त्यांना कळवलेलंच नव्हतं. आम्ही चार-पाच जणांनी फोन करकरून निम्मी उचलून घेतली. उरलेली उन्हाने फाटली, गायींनी फाडली, आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात परत नदीत गेली. त्या दिवशी मी पुलावर उभी राहून पोती वाहून जाताना पाहिली आहेत ताई, पांढरी पोती होती, लांबून दिसत होती.

त्यामुळे पाच लाखात टी-शर्ट मागू नका, माणूस मागा. समजा दोन माणसं १६ हजार पगारावर ठेवली तर वर्षाचे ३ लाख ८४ हजार होतात, उरतात १ लाख १६ हजार, त्यात गमबूट, जाड ग्लोव्हज, फावडी-घमेली, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि टिप्परच्या फेऱ्या. ती दोन माणसं तुमच्याच वस्तीतली असू द्या, म्हणजे कोणत्या घरातून पिशवी नदीत पडते ते त्यांना माहीत असतं आणि ते जाऊन बोलू शकतात. एक मात्र कडक पाळा, कोणालाही चेंबरमध्ये किंवा गडर (गटार) लाइनीत उतरवायचं नाही, हाताने मैला साफ करायला लावणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि पाण्यात उतरून काम करणाऱ्याला पायाला जखम असेल तर लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचा, धोका असतो. तुमच्या गटाने काठावर काम करावं, पाण्यातलं मशीनवर सोडावं. साहेबांना उद्घाटनाला अवश्य बोलवा, आणि सहा महिन्यांनी परत बोलवा, ती दुसरी तारीख आजच करारात लिहा.

धंतोलीचे एक ज्येष्ठ वाचक लिहितात:
"वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स) आणि मॉइलसारख्या मोठ्या कंपन्यांची मुख्यालयं आपल्या नागपुरात आहेत, बुटीबोरी आहे, मिहान आहे. ह्या सगळ्यांनी मिळून नाग नदी दत्तक घेतली तर सरकारला हजारो कोटी खर्च करायची गरजच काय?"

काका, तुमची तळमळ कळते, पण आकडे मांडून बघू या. नाग, आणि सोबत शहरातल्या मैल्याचा बंदोबस्त, ह्यासाठी जी योजना आहे तिचं भूमिपूजन पंतप्रधानांच्या हस्ते ११ डिसेंबर २०२२ ला नागपुरातच झालं, राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेखाली, खर्च १९२५ कोटींहून जास्त. आता सीएसआर म्हणजे नफ्याचे २ टक्के. एवढी रक्कम एका वर्षाच्या सीएसआरमधून काढायची तर त्या कंपन्यांचा सरासरी नफा मिळून ९६,२५० कोटी पाहिजे, आणि त्यांनी शाळा, दवाखाने, पिण्याचं पाणी सगळं सोडून पै न पै नदीलाच दिली पाहिजे. ज्या कंपनीचा नफा ५० कोटी आहे, जी आपल्याला फार मोठी वाटते, तिच्या वाट्याला वर्षाला १ कोटी येतो आणि तो आधीच दहा ठिकाणी वाटला गेलेला असतो.

आणि पैसा कुठे लागतो ते पण बघा ना. लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांकडून येऊन अंबाझरीपासून पुढे शहरातून सुमारे १७ किलोमीटर वाहणारी ही नदी, एप्रिल-मे मध्ये तिच्यात जे पाणी दिसतं ते पावसाचं नाही आणि झऱ्याचं पण नाही, ते तुमच्या-माझ्या न्हाणीचं, मोरीचं आणि संडासाचं पाणी आहे, जे गडर लाइनीत न जाता नाल्यांतून थेट नदीत पडतं. वरचा कचरा कितीही वेचला तरी हे पाणी काळंच राहणार. त्याला घराघरापासून पाइप लागतो, तो पाइप जमिनीखालून शुद्धीकरण केंद्रापर्यंत न्यावा लागतो, आणि केंद्र रात्रंदिवस चालवावं लागतं. ह्यातलं शेवटचं सगळ्यात अवघड. केंद्रातल्या टाक्यांमध्ये मैला खाणारे जिवाणू असतात, त्यांना श्वास घ्यायला ब्लोअरने सतत हवा द्यावी लागते, विजेचं बिल थकलं, ब्लोअर बंद पडला, की जिवाणू मरतात आणि ती वसाहत परत उभी राहायला कितीतरी दिवस जातात, तोवर मैला आला तसा पुढे जातो. हे काम यंदा मिळालेल्या आणि पुढच्या वर्षी मिळेल न मिळेल अशा देणगीवर चालवणं मला धोक्याचं वाटतं, त्याला कराचा पैसा आणि पाण्याच्या बिलाचा पैसाच पाहिजे. गंगेवर नमामि गंगेमध्ये पुष्कळ केंद्रांना हायब्रिड अ‍ॅन्युइटी म्हणून पद्धत लावली आहे, बांधताना ठेकेदाराला ४० टक्केच मिळतात, उरलेले ६० टक्के पुढच्या १५ वर्षांत, आणि ते पण केंद्र नीट चाललं तर. ती पद्धत मला आवडते कारण तिथे पैसा बांधण्याला नाही, चालवण्याला बांधलेला आहे.

पण कंपनीचा मोठा पैसा नदीच्या कामी आलाच नाही असं पण नाही काका, आणि त्याचं उदाहरण आपल्याच शहरात आहे. भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध केलेलं सांडपाणी महानिर्मितीच्या औष्णिक वीज केंद्रांना, कोराडीकडे, जातं आणि त्याचे पैसे मनपाला मिळतात. तिथे कोणी कोणाला दान करत नाही. वीज केंद्राला थंड करायला पाणी पाहिजेच, ते धरणातून न घेता शहराच्या मैल्यातून घेतलं, म्हणजे पिण्याचं पाणी वाचलं आणि मैल्याला गिऱ्हाईक मिळालं. मला कोणी विचारलं की उद्योगांकडून नदीसाठी सगळ्यात आधी काय मागायचं, तर मी म्हणेन शुद्ध केलेलं पाणी विकत घ्यायचा पंधरा-वीस वर्षांचा करार मागा, चेक नंतर मागा.

शंकरनगरहून एनएसएसची एक विद्यार्थिनी लिहिते:
"आमच्या कँपला एका शीतपेयाच्या कंपनीने पैसे दिले. आम्ही काठावरून बाटल्या गोळा केल्या तर त्यात त्यांच्याच बाटल्या खूप होत्या. मला खूप विचित्र वाटलं. मॅम म्हणाल्या की एवढा विचार करू नको, पैसे तर देऊन राहिले ना. मी चूक आहे का?"

नाही बेटा, तू चूक नाहीस, आणि तुझ्या मॅम पण वाईट बोलल्या नाहीत, कँपचा खर्च कोणीतरी करायलाच पाहिजे. पण तुला जे विचित्र वाटलं त्याला आपल्या देशाच्या कायद्यात नाव आहे. जो घाण करेल तो भरेल, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये वेल्लोरच्या चामड्याच्या कारखान्यांच्या खटल्यात आपल्या कायद्याचा भाग म्हणून मानलं, आणि पुढे राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१० च्या कायद्यात ते लिहिलं गेलं. प्लास्टिकचं म्हणशील तर जे प्लास्टिक कंपनी बाजारात आणते ते परत गोळा करून त्याची विल्हेवाट लावायची जबाबदारी प्लास्टिक कचरा नियमांनी तिच्यावरच टाकलेली आहे. ही जबाबदारी वेगळी आणि सीएसआर वेगळा. सीएसआरच्या नियमांतच आहे की दुसऱ्या कायद्याने जे करणं कंपनीला भागच आहे ते सीएसआरमध्ये दाखवता येणार नाही.

तर पुढच्या कँपला असं कर. एक वही घे, आणि तीन-चार मैत्रिणींना फक्त मोजायला बसव. कोणत्या ब्रँडची बाटली किती, कोणत्या गुटख्याची पुडी किती, कोणत्या दुकानाची पिशवी किती, आणि हे कोणत्या पुलाजवळ. मोजलेलं आकड्यात लिहून त्या कंपनीला पाठवा, मनपाला पाठवा, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवा, आणि पैसे देणाऱ्या कंपनीला आधीच सांगा की आम्ही मोजणार आहोत आणि आकडे लपवणार नाही. जी कंपनी ह्यावरही हो म्हणेल तिचे पैसे बिनधास्त घ्या. मोजू नका म्हणाली तर मात्र घेऊ नका, आपल्या पैशाने पोहे खाऊ पण मोजू.

हिंगणा एमआयडीसीतले एक उद्योजक लिहितात:
"माझं युनिट छोटं आहे, नफा वर्षाला दीड कोटीच्या आसपास. सीएसआर मला लागू नाही हे माहीत आहे. तरी करायची इच्छा आहे. आणि माझ्या ईटीपीवर मी जो खर्च करतो तो नदीसाठीचाच खर्च नाही का?"

भाऊ, ईटीपी म्हणजे तुमच्या कारखान्याचं पाणी तुम्ही साफ करून सोडणं, ते १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याने तुमच्यावर आहेच, सीएसआर लागू असता तरी ते त्यात धरता आलं नसतं. पण एक बोलते, मनापासून बोलते, ज्याचा ईटीपी बाराही महिने चालतो, रात्री पण चालतो, पावसाळ्यात पण चालतो, त्याने नदीसाठी कुठल्याही फोटोवाल्या सफाईपेक्षा जास्त केलं आहे. तेच तुमचं पहिलं काम समजा. त्यावर अजून द्यायचं असेल तर एकट्याने देऊ नका, तुमच्या आजूबाजूचे पाच-सहा कारखानदार मिळून एक नाला धरा, अख्खी नदी नाही, एकच नाला, त्याच्या तोंडाशी जाळी आणि ती साफ करणारा माणूस. तुमच्यातल्या एखाद्याला सीएसआर लागू असेल तर कंपन्यांना एकत्र येऊन काम करता येतं, फक्त प्रत्येकाचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. टॅक्सचं तुमच्या सीएला विचारा.

जाळीबद्दल मात्र जरा थांबते कारण आजकाल प्रत्येक कंपनीला जाळीच लावायची असते. जाळी चांगली, तरंगता कचरा अडतो, फोटोत पण दिसते. पण मोठ्या पावसात अर्ध्या तासात ती पिशव्यांनी गच्च होते, आणि ती काढायला तिथे कोणी नसेल तर पाणी मागे तुंबून नाल्याकाठच्या घरांत शिरतं. पावसाळ्यात जाळीवर माणूस ठेवायची सोय नसेल तर जाळी लावूच नका.

जरीपटक्याहून एक वाचक विचारतात:
"आमच्याकडे पिवळी नदी. कंपनी, संस्था आणि महापालिका एकत्र येऊन खरंच काही झालं आहे असं महाराष्ट्रात कुठे आहे का, की हे सगळं बोलण्यापुरतंच?"

आहे. संभाजीनगरला खाम नदी आहे, पाणचक्कीजवळून वाहते ती. तिथे महापालिका, छावणी परिषद, इकोसत्त्व ही संस्था आणि व्हेरॉक ही वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, ह्यांनी मिळून काम उभं केलं आहे. मला त्यात दोन गोष्टी शिकण्यासारख्या वाटतात. एक म्हणजे नदीतून कचरा काढायच्या जोडीला काठच्या वस्त्यांमधून रोज कचरा गोळा व्हायला लागला, कारण ज्या गल्लीत घंटागाडी जात नाही त्या गल्लीचा कचरा शेवटी नदीतच जातो, त्यात तिथे राहणाऱ्या बाईचा काय दोष. दुसरी म्हणजे तिथे कंपनी एका दिवसासाठी आली नाही, वर्षानुवर्षं टिकून राहिली. मैल्याचा प्रश्न तिथेही नुसत्या सीएसआरने सुटत नाही हे खरं, पण काठ बदलला, झाडं लागली, लोक नदीकडे तोंड करून बसायला लागले.

टिकून राहण्याची सोय कायद्यात आहे बरं का, हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. कंपनीने एखादं काम 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर केलं तर सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं ते चालवता येतं, आणि वर्षाअखेर न खर्चलेला पैसा तीस दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून त्याच कामासाठी राखून ठेवता येतो. तसं मंजूर केलं नसेल तर उरलेला पैसा सहा महिन्यांत सातव्या अनुसूचीतल्या एखाद्या फंडात भरावा लागतो, म्हणजे पंतप्रधान मदत निधी किंवा स्वच्छ गंगा निधी वगैरे. आता बघा, आपल्या इकडे मनपा नाग, पिवळी आणि पोरा नदीतला गाळ पोकलेन लावून उन्हाळ्यात काढते, पावसाच्या आधी, म्हणजे एप्रिल-मे-जून, आणि कंपनीचं वर्ष संपतं ३१ मार्चला. फेब्रुवारीत घाईने मिळालेला पैसा मार्चमध्ये संपवायचा म्हणून भिंती रंगवल्या जातात, आणि खरं काम सुरू होतं तेव्हा खिसा रिकामा. म्हणून पिवळीसाठी कोणाकडे जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीतच जा, पुढच्या वर्षाचा आराखडा त्यांच्या बोर्डापुढे जायच्या आधी, आणि चालू प्रकल्प म्हणूनच मागा. तुमच्या संस्थेची सीएसआर-१ फॉर्मची नोंदणी, १२ए आणि ८०जी ही आयकराची प्रमाणपत्रं, आणि तीन वर्षांच्या कामाची फाइल, एवढं तयार ठेवा, नाहीतर पहिल्याच मीटिंगमध्ये परत पाठवतील. कारभाराचा खर्च कंपनीच्या एकूण सीएसआर खर्चाच्या ५ टक्क्यांवर जाऊ शकत नाही, पण नदीवर प्रत्यक्ष राबणाऱ्या माणसाचा पगार हा कारभाराचा खर्च नाही, तो कामाचाच खर्च आहे, कोणी अडवलं तर हे ठासून सांगा.

सहकारनगरहून एक वाचक:
"पोरा नदीच्या काठावर जॉगिंग ट्रॅक आणि लायटिंग करून द्यायला एक बिल्डर तयार आहे. करू द्यावं का?"

पूररेषेचा नकाशा मागा, मग बोला. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथवर येतं तिथे, पक्कं बांधकाम नकोच. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरने पाहिली आहे, काही तासांच्या पावसात अंबाझरी ओसंडला, नागचं पाणी लोकांच्या बेडरूममध्ये शिरलं, माणसं गेली. नदीचं पात्र अजून अरुंद करणारी कुठलीही भेट घेऊ नका, कितीही सुंदर असली तरी. बिल्डरला खरंच काही करायचं असेल तर काठावर देशी झाडं लावून तीन उन्हाळे पाणी घालू द्या.

कुही तालुक्यातून एक शेतकरी लिहितात:
"तुमच्या शहरात नदीची सफाई होते, पेपरात फोटो येतात. आमच्या गावात तीच नदी काळी होऊन येते, फेस येतो, जनावरं तोंड लावत नाहीत, काठच्या विहिरीच्या पाण्याला वास मारते. आमच्या गावात कोणी कंपनी येत नाही. आम्ही कोणाला सांगायचं?"

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग बराच वेळ दुसरं काही लिहिता आलं नाही. तुम्ही म्हणता ते खरं आहे. आमच्या मोरीचं पाणी नागमधून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि तिथून गोसेखुर्दच्या जलाशयात जातं, आणि अंभोऱ्याच्या संगमावर, जिथे लोक श्रद्धेने अंघोळ करतात, तिथवर त्याची झळ पोचते. शहरातल्या सफाईचा पैसा देणारा शहरातच बघतो कारण त्याचा ग्राहक शहरात आहे. हे बदलायचं तर करारातच बदलावं लागेल, आणि म्हणून शहरातल्या सगळ्या गटांना, वर ज्यांची पत्रं आहेत त्यांना पण, माझी हात जोडून विनंती आहे, की कंपनीशी जो काही करार कराल त्यात पाणी तपासायची एक जागा तुमच्या पुलाजवळ ठेवा आणि दुसरी जागा खाली, कुहीकडच्या गावात ठेवा. किती पोती भरली हे कामाचं माप धरू नका, खालच्या गावात पाणी कसं पोचलं ते धरा. तपासायचं काय तर मुख्यतः बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याचं माप, आणि पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन. अंघोळीच्या पाण्याला बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत आणि ऑक्सिजन ५ च्या वर पाहिजे, हे आपलं सरकारी मापच आहे. महिन्याला एकदा दोन्ही जागांचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यायचा आणि आलेला आकडा दोन्हीकडच्या ग्रामपंचायत-झोन ऑफिसच्या भिंतीवर खडूने लिहायचा. नमुना घ्यायला आणि तपासायला जो खर्च येतो तो कंपनीला जड नाही, तेवढा तर बॅनर छापायला जातो.

तुम्ही तुमच्याकडून एवढं करा. विहिरीचं पाणी पिऊ नका, आणि ग्रामपंचायतीकडून ते तपासून घ्या, पिण्याच्या पाण्याचे नमुने जिल्ह्याच्या सरकारी प्रयोगशाळेत तपासले जातात, ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाला, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नदीत फेस आला की त्या दिवसाची तारीख, वेळ आणि फोनमधला फोटो, एका वहीत लिहून ठेवा, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नागपूर ऑफिसला तारखांसकट अर्ज द्या. नुसतं 'पाणी घाण आहे' म्हटलं तर अर्ज पडून राहतो, तारखा असल्या की त्या दिवशी वरून काय सुटलं हे शोधता येतं. दोन महिन्यांच्या तारखा झाल्या की वहीच्या पानांचे फोटो मला सदराच्या पत्त्यावर पाठवा. नंदनवनच्या ताईंच्या गटाला मी तुमचं पत्र वाचून दाखवलं आहे, कंपनीबरोबरची त्यांची मीटिंग ठरली की तुमच्या गावातल्या दोघा-तिघांना बोलवायचं त्यांनी कबूल केलं आहे.